उद्या उतरवू नका

एका बाईने दुसरीची साडी पाहून जळावं, तिच्या सुनेचं कौतुक ऐकून जळावं, हे जगरहाटीला धरून आहे. मी जळले ती चार ओळींवर. त्या ओळी कवितेच्या नव्हत्या, कुणा माणसासाठीही लिहिलेल्या नव्हत्या. एका यंत्राने वाचाव्यात म्हणून माझ्या शेजारच्या टेबलावरच्या नजमाने त्या लिहिल्या होत्या. नोकरीतून निवृत्त झाल्यावर, एकसष्टाव्या वर्षी मला असा पोटशूळ उठेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्यालाच ओव्याचं पाणी पाजलं असतं.

तीस वर्षं मी पुण्यात माहितीपुस्तिका लिहिल्या. पंप, मिक्सर, गिझर. खोक्यात थर्माकोलच्या खाली जी पातळ वही निघते आणि जी लोक न उघडता कपाटाच्या फळीवर अंथरतात, ती लिहिणारी बाई मी. ‘प्रथम वीजपुरवठा खंडित करावा’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की घरातला दिवा गेला तरी मला ते आठवतं. तीस वर्षांत एकाही माणसाने मला ‘तुमची पुस्तिका वाचली’ असं सांगितलं नाही. माझ्या नवऱ्यानेही गिझर बसवताना वायरमनला विचारलं. मी तिथेच उभी होते आणि ती पुस्तिका माझीच होती.

मग आम्ही माहेरच्या गावी, रत्नागिरीला परत आलो. इथे अभय नावाच्या चाळिशीतल्या गृहस्थाने बागायतदारांसाठी एक सॉफ्टवेअर काढलं होतं. मारुती मंदिरापासून पाच मिनिटांवर, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्याचं ऑफिस. बागायतदाराने फोनवर बोलून निरोप पाठवायचा आणि त्याचा एआय एजंट पुढची कामं करणार: गाडी ठरवणार, बागेतल्या गड्यांना कळवणार, वाशीच्या व्यापाऱ्याला निरोप देणार. आमच्याकडे एजंट म्हटलं की लोकांना पासपोर्टवाला किंवा लायसन काढून देणारा आठवतो. त्यामुळे पहिल्या महिन्यात दोघं-तिघं विचारत आले, “ते एजंट बसतात कुठे? जरा समोरासमोर बोलायचं होतं.”

या एजंटाच्या हाताशी काही साधनं असतात. साधन म्हणजे सॉफ्टवेअरचा एकेक तुकडा, एकच काम करणारा. एक गाडी ठरवतं, एक यादीत नाव घालतं, एक वेळ बदलतं. गंमत अशी की एजंटाला साधनाच्या आत काय आहे ते दिसत नाही. त्याला दिसतं फक्त साधनाचं नाव आणि त्याखाली लिहिलेलं वर्णन. नव्या सुनेला स्वयंपाकघरात सोडावं आणि तिने डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून आमटी करावी, तसा प्रकार. चिठ्ठीवर नुसतं ‘पांढरं’ लिहिलं असेल तर आमटीत साखर पडणार आणि दोष सुनेला लागणार. ही चिठ्ठी लिहिण्याचं काम अभयने मला दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला असा वाचक मिळाला जो माझा शब्द न् शब्द वाचत होता, दर वेळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, “बघा, वाचणारं कुणीतरी निघालं.”

दोन महिन्यांनी अभयने नजमाला आणून बसवलं. ती जयगडची. नवरा बोटीवर, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. मुलांच्या शाळेसाठी तिने रत्नागिरीत बिऱ्हाड केलं होतं. शिक्षण बारावी. अनुभव काय, तर गावात औषधाच्या दुकानात काउंटरवर बरीच वर्षं काढलेली. मी अभयला एकटं गाठून विचारलं, की ही इथे काय करणार. तो म्हणाला, “ताई, त्यांनी गोळ्यांच्या पुडीवर लिहिलेलं मी पाहिलंय. तुम्ही थोडे दिवस थांबा.”

थांबावं लागलं नाही. त्याच आठवड्यात माझ्या एका वर्णनाने घोळ घातला.

साधन होतं यादीतून नाव कमी करण्याचं. मी लिहिलं होतं: ‘नाव काढण्यासाठी या साधनाचा उपयोग करावा.’ सुटसुटीत, व्याकरणशुद्ध. पावसकडच्या एका बागायतदाराने निरोप पाठवला. बाग त्याची मुलगी रेश्मा सांभाळते, निरोपही तिलाच जातात. त्याने गाडीचं सगळं सांगितलं आणि शेवटी बापाच्या अभिमानाने म्हणाला, “यंदा आमच्या रेश्माने नाव काढलं हो!” एजंटाने गाडी ठरवली आणि रेश्माचं नावही काढलं. यादीतून.

हे माझ्याआधी नजमाला दिसलं. तिने आरडाओरडा केला नाही. चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, जरा बघता काय? त्या पोरीला निरोप जात नायत. मला वाटतं ‘नाव काढलं’मुळे झालंय. अभयदादांना अजून सांगितलं नाय मी. तुम्ही बदलून टाका, मग सांगू.”

मी म्हटलं, “तूच लिही बघू कसं लिहितेस ते.” अंगण वाकडं आहे का ते तिलाही कळू दे, असा माझा हेतू. तिने उभ्या उभ्या लिहिलं:

‘यादीतून नाव खोडण्यासाठी. माणूस स्वतः “मला निरोप पाठवू नका” म्हणाला तरच वापरायचं. कौतुकाने “नाव काढलं” म्हणतात, तेव्हा वापरायचं नाही. नक्की कळलं नाही तर आधी त्याला विचारायचं.’

याच त्या चार ओळी. मी त्या तीनदा वाचल्या. त्यात एकही शब्द असा नव्हता जो मला येत नव्हता. तरी तीस वर्षांत मी असं काही लिहिलं नव्हतं.

“हे तू कुठे शिकलीस?” मी विचारलं. आवाज सहज ठेवायचा प्रयत्न केला होता.

“दुकानात,” ती म्हणाली. “पेशंटला गोळी पोटात जाऊन काय करते ते नको असतं मॅडम. कधी घ्यायची नि कधी नाय घ्यायची, तेवढंच लिहायचं. आमच्याकडे एक आजी होत्या, त्यांना तापाची नि झोपेची गोळी सारखीच दिसायची. तेव्हापासून मी ‘कधी नाय’ ते पयलं लिहायला लागले.”

मी आयुष्यभर यंत्र कसं चालतं ते लिहिलं. ही बाई कधी हात लावायचा नाही ते लिहीत होती. एजंटाला नेमकं तेच हवं होतं. अभयने तुलना करून पाहिली. माझ्या वर्णनांवर एजंट अडखळायचा, भलतंच साधन उचलायचा. तिच्या वर्णनांवर सरळ चालायचा. मला मिळालेला एकुलता एक वाचक, आणि त्यालाही तीच आवडली. यंत्राच्या पसंतीवरून जळणारी रत्नागिरी जिल्ह्यातली पहिली बाई मीच असेन.

मी तिच्या लेखनात चुका शोधू लागले. ऱ्हस्व-दीर्घ सापडायचे, ढिगाने. ‘उपयोग’ ऐवजी ‘वापर’, ‘अन्यथा’ ऐवजी ‘नायतर’. मी लाल खुणा करून पाठवायची. ती “थँक्यू मॅडम” म्हणून सगळं दुरुस्त करायची, आणि दुरुस्त करूनही तिचं वर्णन माझ्यापेक्षा चांगलंच राहायचं. तिने भरून आणलेल्या कोलंबीच्या डब्यावरही मी एकदा ‘मीठ जरा पुढे आहे’ असं म्हटलं होतं. मीठ बरोबर होतं.

फाल्गुनात अभयने दोघींना समोर बसवलं. “हंगाम संपला की वर्णनांवर शेवटचा हात एकीचाच,” तो म्हणाला. “दोघींच्या भाषेमुळे एजंट गोंधळतो. एक जण सगळी वर्णनं बघेल, तिने हो म्हटल्याशिवाय काहीही चालू होणार नाही. दुसरीने फोनवर बसायचं, बागायतदारांशी बोलायला.” कुणाला काय, हे तो बोलला नाही. पण बोलताना तो नजमाकडे पाहत होता.

फोनवर बसायचं, म्हणजे माझ्या लिहिण्याला पूर्णविराम. घरी येऊन मी जेवले नाही. नवरा म्हणाला, “अगं, या वयात तुला काय करायचाय तो शेवटचा हात?” काय करायचंय ते मला नीट सांगता आलं नाही. मला कुणीतरी वाचत होतं, ते मला सोडायचं नव्हतं.

आता मुद्द्याची गोष्ट. ऑफिसात एक पद्धत होती. एकीने वर्णन लिहिलं की दुसरीकडे जायचं. तिने उघडलं की तिथे ‘वाचलं’ अशी खूण उमटायची. दोन दिवसांत शेरा आला नाही, तर ते वर्णन आपोआप चालू व्हायचं.

चैत्रात नजमाने एक वर्णन पाठवलं. वाशीला गाडी पोचल्यावर माल कधी खाली करायचा, ती वेळ बदलण्याचं साधन. तिने लिहिलं होतं: ‘माल उतरवण्याची वेळ बदलण्यासाठी. बागायतदार “उद्या उतरवू नका” किंवा “परवा उतरवा” म्हणाला की हे वापरायचं. तोडणीची वेळ बदलायची असेल तर हे वापरायचं नाही, त्याला वेगळं साधन आहे.’

मी वाचलं आणि ‘उतरवू’ या शब्दापाशी थांबले.

नजमा बंदराच्या गावची. तिथे उतरवणं म्हणजे जहाजावरून, ट्रकवरून माल खाली घेणं. दुसरा अर्थ तिच्या कानावर पडायचं कारण नव्हतं, तिच्या घरी बाग नव्हती. माझ्या माहेरी होती. आमच्याकडे आंबा ‘तोडत’ नाहीत. तोडणी हा कागदावरचा शब्द झाला. आंबा उतरवतात. गडी कलमावर चढतो, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, एकेक फळ देठासकट अलगद काढतो आणि खाली देतो, ते उतरवणं. माझे वडील सकाळी अंगणात उभे राहून गड्याला ओरडायचे, “आज नको उतरवू, दोन दिवस जाऊ देत!” अगदी हेच शब्द. बागायतदार हे वाक्य बोलणार, ते झाडावरच्या आंब्याबद्दल, आणि एजंट ते ट्रकमधल्या आंब्याबद्दल समजणार.

मी शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं: ‘नजमा, उतरवणे म्हणजे आपल्याकडे झाडावरून काढणेही. उदाहरण बदल.’ आठ शब्द. मग ते पुसले. स्वतःला म्हटलं, उद्या नीट सविस्तर लिहू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, तिचं तिला कळेल, एवढी हुशार आहे ना. त्या संध्याकाळी वर्णन चालू झालं. मला वाईट वाटलं म्हणावं, तर तसंही नाही. मला बरं वाटत होतं. सुंठीवाचून खोकला जाणार होता.

चार दिवसांनी पालीजवळच्या गंगारामकाकांनी निरोप पाठवला. हे सत्तरीचे गृहस्थ. आजवर आंबा दारात आलेल्या दलालाला द्यायचे. यंदा प्रथमच ते स्वतः वाशीला गाडी पाठवणार होते, आणि मुंबईतल्या जावयाने आपल्या सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं, माझ्या सासऱ्यांच्या कलमाचा आंबा येतोय. काका बहिणीच्या दिवसकार्याला चिपळूणला गेले होते. तिथून त्यांनी सांगितलं, “उद्या उतरवू नका हां. अजून कवला हाय. मी परवा येतंय, मग बगू.”

एजंटाने वाशीला कळवलं की माल उद्या खाली करू नये, परवा करावा. गड्यांना त्याने काहीच कळवलं नाही. गडी ठरल्याप्रमाणे सकाळी आले आणि दुपारपर्यंत सगळी कलमं रिकामी केली.

तिसऱ्या दिवशी काका ऑफिसात आले. हातात करंडी. ती त्यांनी अभयच्या टेबलावर ठेवली. आंबे हिरवेगार, देठापाशी अजून खांदा भरलेला नव्हता. असा आंबा आढीत घातला तर पिकत नाही, सुरकुततो. काका ओरडले असते तर बरं झालं असतं.

“जावयाला सांगितलं, पाठवत नाय म्हणून,” ते म्हणाले. “कवला आंबा माझ्या नावाने नाय जायचा. पन तुमी मला सांगा, मी काय चुकीचं बोललो? उतरवू नका, असंच बोललो ना?”

“तुम्ही बरोबर बोललात काका,” नजमा म्हणाली. ती उभी राहिली होती. “चूक माझी हाय. तो शब्द मी लिहिला.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं. “पोरी, चूक झाली ती झाली. पन आंबा परत झाडाला नाय ना लागत.”

ते करंडी तिथेच ठेवून गेले. अभयने सगळी वर्णनं त्या दिवसापुरती बंद करायला सांगितली. नजमा जागेवर येऊन बसली. तिचे डोळे लाल होते. मी काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, “होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस.”

ती म्हणाली, “मला तो शब्द जरा खटकत होता मॅडम. तुमच्याकडे बागा, म्हणून मुद्दाम तुमच्याकडे पाठवला. मग ‘वाचलं’ची खूण दिसली, दोन दिवस तुमचा शेरा नाय. म्हटलं मॅडम वाचून गप बसल्या, म्हणजे बरोबरच असणार. म्हणून जाऊ दिला.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तो फार शोधला. तिला खरंच वाटत होतं की माझ्याही नजरेतून सुटलं. अभयसमोर तिने माझं नावसुद्धा घेतलं नव्हतं. तिचं लिहिणं माझ्यापेक्षा चांगलं, हे मी कसंबसं गिळलं होतं. आता माणूस म्हणूनही ती चांगली निघाली. तिच्या चांगुलपणाचा मला इतका राग आला, की मी पर्स उचलून घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी अभयच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. म्हटलं, “अभय, ते वर्णन माझ्याकडे आलं होतं. मी वाचलं होतं. चूक माझी आहे.”

तो हसला. “ताई, तुम्ही खरंच मोठ्या मनाच्या. तिला वाचवायला स्वतःवर घेताय. अहो, दिवसाला तुम्ही किती वाचता, एखादं नजरेतून सुटणारच. पण लिहिताना चूक तिची झाली ना?”

इथे मी म्हणायला हवं होतं, की सुटलं नव्हतं, दिसलं होतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण ‘मोठ्या मनाच्या’ हे शब्द कानात गोड लागत होते, तीस वर्षांत मला कुणी तसं काही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, “बरं,” आणि बाहेर आले. नंतर मी स्वतःला सांगत राहिले, मी तर कबूल केलं, त्याने ऐकलं नाही तर माझा काय दोष. ‘वाचलं होतं’ या दोन शब्दांत कुठलाही अर्थ मावतो, हे माझ्या धंद्यातल्या बाईला माहीत नसणार का? मी मुद्दामच तेवढंच बोलले होते.

हंगाम संपल्यावर वर्णनांवरचा शेवटचा हात मला मिळाला. नजमा फोनवर बसते. बागायतदारांशी बोलते, त्यांचे शब्द वहीत उतरवून घेते, कुठल्या गावात कशाला काय म्हणतात ते. ती वही ती दर शनिवारी माझ्या टेबलावर आणून ठेवते. माझी वर्णनं आता खरोखर चांगली होतात, कारण ती त्या वहीतून होतात. अभय पाहुण्यांना सांगतो की ताईंचा हात या कामाला बसलाय. नजमा पलीकडून ऐकते आणि मान डोलावते. मला अजूनही तिचा हेवा वाटतो, हे विशेष. जागा माझ्याकडे, मान माझ्याकडे, आणि रोज सकाळी ती हसत आत आली की जळते मीच.

या दिवाळी अंकाच्या संपादकांना माझ्याकडून एआयच्या गमतीजमती हव्या होत्या. त्या रेश्माच्या गोष्टीपाशी थांबवता आल्या असत्या, आणि लेखही छान खुसखुशीत झाला असता. पण या अंकात अभयची जाहिरात आहे, म्हणजे एक प्रत त्याच्या टेबलावर जाणार. ऑफिसात अंक आला की नजमा तो आधी वाचते, हेही मला ठाऊक आहे. त्या दोघांसाठी हे शेवटचं वर्णन. यातून कुणाला दुसरा अर्थ काढता येऊ नये, एवढी काळजी घेतली आहे.

नजमाचं वर्णन मी पहिल्याच दिवशी वाचलं. त्यातली चूक मला त्याच क्षणी दिसली. मी शेरा लिहिला आणि स्वतःच्या हाताने पुसला. ती जागा मला हवी होती, म्हणून पुसला. ती जागा नजमाची आहे.